कोळशावरचा कर आणि धुऱ्याकडचा कापूस

पुणे, जानेवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला, त्याचं वाईट वाटतंय. बाबा, तुम्ही म्हणालात, "मोठ्यावर कर लावला का तो फिरून आपल्याच खिशातून निघते. तुले पुण्यात बसून का समजते?" मी चिडून म्हणाले, धूर सोडणाऱ्यानं पैसे भरलेच पाहिजेत. तुम्ही फोन आईकडे दिला. फोनवर मध्येच तुमचा खोकला ऐकू येतो आणि काय बोलायचं ते मी विसरते. म्हणून लिहायला बसले.

कोळशाला मी नावं ठेवत नाही. कोणत्या तोंडानं ठेवू? वावर खाणीत गेलं, त्याच्या बदल्यात तुम्हाला नोकरी लागली, आणि तिन्ही पाळ्या करून तुम्ही माझी हॉस्टेलची फी भरलीत. दादाचं लग्न, घरावरचा स्लॅब, सगळं त्याच पगारातून झालं. रात्रपाळी करून आलात की न्हाणीतून काळं पाणी वाहायचं, ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

पण उरलेले तीन एकरही डोळ्यांपुढे आहेत. कोळशाचे हायवा ट्रक जातात त्या रस्त्याकडच्या तासांत बोंड फुटलं की दोन दिवसांत राखाडी होतं. आईनं वेचलेला कापूस व्यापारी चिमटीत चोळून बघतो आणि भाव पाडतो. पाडलेला भाव कोण सोसतं? आई सोसते, आणि कित्येक वर्षांपासून सोसते. माझ्या मते धुराचा कर आपल्या घरी केव्हाच सुरू झालाय. फक्त तो भरायला नको त्या माणसाला लावलंय.

माझं इथलं काम तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. आमच्या कारखान्यातले बोल्ट युरोपला जातात. एक टन बोल्ट बनवताना किती कार्बन हवेत गेला, ते पोलाद कुठून आलं, कसं वितळवलं, हा हिशोब २०२३ च्या ऑक्टोबरपासून तिकडे कळवावा लागतो. मी तोच भरते. यंदाच्या १ जानेवारीपासून जो माल जाईल, त्यातल्या कार्बनचे पैसे तिकडच्या आयातदाराला भरावे लागणार आहेत. ते तो आमच्याकडून भावात कापून घेणार, हे उघड आहे. म्हणजे धूर इथला, श्वास आपले, आणि रक्कम जमा होणार युरोपच्या तिजोरीत. युरोपच्या त्या कायद्यातच एक सोय आहे: मूळ देशात कार्बनचे पैसे भरले असतील, तर तेवढे तिकडे वजा होतात. हे वाचलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की द्यायचेच आहेत तर ते इथेच का राहू नयेत?

आता तुमचं म्हणणं. मी आठवडाभर त्यावर विचार करतेय, आणि बरंचसं मला पटलंय.

आपल्याकडे कोळशावर असा कर होता, बाबा. तुम्ही नोकरीत होतात तेव्हाच आला. २०१० साली टनाला ५० रुपये, मग १००, मग २००, आणि २०१६ पासून ४०० रुपये. नाव होतं स्वच्छ ऊर्जेसाठीचा अधिभार. वीज केंद्रात एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो असं धरलं, तर ४०० रुपये टनाचे युनिटमागे २८ पैसे होतात. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घरावर २८ रुपये. तुम्ही म्हणता तसंच, खिशातून निघाले. निघाले ते निघाले, पण गेले कुठे? २०१७ मध्ये जीएसटी आला, आणि हाच पैसा राज्यांची करातली तूट भरून काढायच्या खात्यात वळवला गेला. सौर पंप, खाणीकाठचे दवाखाने, धूळ बसवायला रस्त्यावर पाणी, हे काही त्यातून आपल्याकडे आलं नाही. मला राग येतो तो इथे. कर लावल्याचा तेवढा येत नाही.

आणि गेल्या सप्टेंबरच्या २२ तारखेपासून तो अधिभारच गेला. कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ केला. टनाला दीड हजार भाव धरून बघा: आधी ७५ आणि ४०० मिळून ४७५ रुपये जायचे, आता २७० जातात. स्वस्त कोळशावरचा बोजा कमीच झाला. कार्बन क्रेडिटची योजना २०२३ मध्ये आली आहे. तिच्यात सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, कागद अशा उद्योगांना टनामागे किती धूर याची मर्यादा घालून दिली. ओलांडली तर प्रमाणपत्रं विकत घ्यायची. पण कोळशावर चालणारी वीज केंद्रं अजून त्यात नाहीत, आणि आपल्या आभाळात तर धुराडी त्यांचीच आहेत.

ऑस्ट्रेलियाचंही वाचलं. तिथे १ जुलै २०१२ पासून मोठ्या प्रदूषकांकडून टनाला २३ डॉलर घेत होते आणि त्यातला बराच पैसा लोकांना परत देत होते. आयकरमाफीची मर्यादा ६,००० वरून १८,२०० डॉलरवर नेली. तरी लोक बिलावरून भडकले, आणि २०१४ च्या जुलैत तो कर रद्द झाला. बाबा, तुमच्यासारखीच माणसं तिथेही होती. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि इथे तर विश्वास बसावा असं अजून काही घडलेलंच नाही.

मला वाटतं ते एवढंच, की कर घ्या, कडक घ्या, पण ज्या गावांनी धूर खाल्ला त्यांच्या नावावर तो जमा करा. अगदीच नवीन नाही हे. २०१५ पासून खाण कंपन्या सरकारला भरतात त्या रॉयल्टीवर ठरावीक वाटा जिल्हा खनिज प्रतिष्ठानला जातो, आणि तो खाणबाधित गावांसाठीच असतो. तोही गावात दिसायला हवा तेवढा दिसत नाही. पण निदान तो कुठे गेला हे ग्रामसभेत उभं राहून विचारता येतं. दिल्लीतल्या खात्याला आई काय विचारणार?

एका गोष्टीचं उत्तर माझ्याकडे नाही. काकाच्या पोरानं कर्ज काढून हायवा घेतलाय. कर वाढला, खाणी हळूहळू बंद झाल्या, तर त्याचे हप्ते कोण भरणार? तुम्हाला वावराच्या बदल्यात नोकरी तरी मिळाली. त्याला कशाच्या बदल्यात काय मिळेल? हा विचार आला की रात्री झोप लागत नाही. मग कर हवा असं म्हणतानाही जीभ अडखळते.

बाबा, छातीचा एक्स-रे या महिन्यात काढायचाच. हवामान बदललं, थंडी आहे, असं सांगू नका. दादा चंद्रपूरला घेऊन जाईल, मी त्याच्याशी बोलले आहे.

आई, शेवटची वेचणी मी येईपर्यंत थांबव. रस्त्याकडच्या तासांतला कापूस वेगळ्या गाठोड्यात बांधू आणि दोन्हींची वेगळी पट्टी करून घेऊ. किती रुपयांचा फरक पडतो तो एकदा कागदावर यायला हवा. ग्रामसभेला मी सोबत येईन.

तुमची,
मोठी