नव्या प्रोसेसरांची टंचाई आणि ओव्हरक्लॉकिंगची आशा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत डेस्कटॉप संगणकांच्या आगामी प्रोसेसरांविषयी आलेला लेख वाचला. इंटेलचे ‘नोव्हा लेक’ प्रोसेसर २०२६च्या अखेरीस येणार आणि एएमडीच्या ‘झेन ६’शी त्यांची गाठ पडणार, ही माहिती लेखात नीट आली आहे. मात्र हे प्रोसेसर बाजारात मिळतील का, या प्रश्नाची लेखात एका वाक्यात बोळवण झाली आहे आणि ते ओव्हरक्लॉक किती होतील, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा किती जास्त वेगाने चालवता येतील, यावर मोठा, उत्साही परिच्छेद खर्ची पडला आहे. मी नागपुरात संगणक असेंबल करून देण्याचा व्यवसाय करतो. त्या अनुभवावरून मला वाटते की हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. पुरवठा मुबलक असतो तेव्हा ओव्हरक्लॉकिंगला वाव राहतो आणि पुरवठा आवळला की तो वाव कारखान्यातच वापरून संपतो. येणारा हंगाम टंचाईचा दिसत असताना वाचकांना वेगवाढीची आशा दाखवणे मला पटले नाही.

एकाच वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, कोरलेल्या सगळ्या चिप सारख्या निघत नाहीत. काही चिप कमी व्होल्टेजवर जास्त वेगाने चालतात, काहींना तोच वेग गाठायला जास्त व्होल्टेज लागते, तर काहींचा एखादा कोअर, म्हणजे प्रत्यक्ष गणना करणारा भाग, सदोष असतो. कंपनी प्रत्येक चिप तपासते, प्रतवारी लावते आणि त्याप्रमाणे वेगवेगळ्या नावांनी व किमतींनी विकते. आम्हा नागपूरकरांना हे संत्र्यांवरून लगेच कळते. बहार चांगला आला की मोठी फळेही मधल्या प्रतीच्या पेटीत पडतात, कारण मागणी मधल्या प्रतीलाच जास्त असते. बहार बेताचा असला की एकेक मोठे फळ हेरून बाजूला काढले जाते आणि त्याचा भाव वेगळा लागतो. ओव्हरक्लॉकिंगचा सुवर्णकाळ म्हणून ज्या प्रोसेसरांची नावे आजही निघतात, ते बहुतेक अशा चांगल्या बहारातले होते.

१९९८च्या ऑगस्टमध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए आठवावा. तो ३०० मेगाहर्ट्झचा, १४९ डॉलरचा, मुद्दाम स्वस्त ठेवलेला प्रोसेसर होता. प्रोसेसरला बाकीच्या संगणकाशी जोडणाऱ्या ‘बस’चा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तो ४५० मेगाहर्ट्झवर चालू लागे आणि त्याच सुमारास आलेल्या, कितीतरी महाग असलेल्या पेंटियम २ च्या पंगतीत जाऊन बसे. यात जादू नव्हती. इंटेलला स्वस्त बाजारात माल हवा होता आणि कारखान्यातून निघणारी चिप मुळातच चांगली होती. एएमडीच्या फेनम २ मालिकेत २००९ साली तर याहून गमतीचा प्रकार घडला. दोन आणि तीन कोअरचे म्हणून विकलेले कित्येक प्रोसेसर प्रत्यक्षात चार कोअरच्या चिपचे काही कोअर बंद करून बनवलेले होते आणि योग्य मदरबोर्डच्या बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) एक पर्याय बदलला की त्यांतले अनेक बंद कोअर ठणठणीत चालत. २०११च्या कोअर आय५-२५००केचा मूळ वेग ३.३ आणि आपोआप वाढणारा टर्बो वेग ३.७ गीगाहर्ट्झ होता, तरी साध्या एअर कूलरवर तो ४.५ गीगाहर्ट्झपर्यंत जाणे ही नेहमीची गोष्ट होती.

याची दुसरी बाजू २०१८मध्ये दिसली. चिप बनवण्याचे दहा नॅनोमीटरचे नवे तंत्र रखडल्याने इंटेलचा जवळपास सगळा भार चौदा नॅनोमीटरच्या कारखान्यांवर पडला आणि माल कमी पडू लागला. त्या सप्टेंबरात कंपनीचे तेव्हाचे हंगामी प्रमुख बॉब स्वान यांनी जाहीर पत्र काढले आणि सर्व्हरच्या झिऑन व उच्च क्षमतेच्या कोअर प्रोसेसरांना आधी प्राधान्य मिळेल, स्वस्त पीसींच्या बाजारात ओढाताण राहील, असे स्पष्ट सांगितले. जानेवारी २०१९मध्ये ‘केएफ’ आणि ‘एफ’ नावांचे प्रोसेसर आले. त्यांतला ग्राफिक्सचा भाग बंद होता, तरी सुरुवातीची किंमत ग्राफिक्सवाल्या भावंडांइतकीच होती. एरवी बाजूला पडला असता तो माल टंचाईत पूर्ण भावाने विकला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस सर्व कोअरवर ५ गीगाहर्ट्झ देणारा, निवडक चिपचा ९९००केएस आला, तोही नेहमीच्या तीन वर्षांऐवजी एकाच वर्षाच्या वॉरंटीवर. पूर्वी ग्राहकाला नशिबाने मिळणारी चांगली चिप आता कंपनी स्वतःच शोधून जास्त किमतीला विकू लागली होती. अमेरिकेत ‘सिलिकॉन लॉटरी’ नावाचा एक विक्रेता प्रोसेसर तपासून त्यांतले चांगले ओव्हरक्लॉक होणारे वेगळे काढून विकत असे. त्याने २०२१च्या ऑक्टोबरात दुकान बंद केले, कारण निवडून काढण्याजोगा फरकच फारसा उरला नव्हता.

आता येणाऱ्या हंगामाकडे पाहू. ऑक्टोबर २०२५मध्ये तिमाही निकाल सांगताना इंटेलने पुरवठा मागणीला पुरत नसल्याचे मान्य केले आणि सर्व्हरच्या प्रोसेसरांना स्वस्त पीसींच्या आधी माल दिला जाईल असेही सांगितले. ही टंचाई जुन्या तंत्रावरची आहे, नोव्हा लेकचे तंत्र वेगळे आहे, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्त आहे. पण नोव्हा लेकचे भाग काही इंटेलच्या ‘१८ए’ तंत्रावर आणि काही तैवानच्या टीएसएमसीकडे बनणार आहेत. १८एवर लॅपटॉपच्या ‘पँथर लेक’चा आणि सर्व्हरच्या ‘क्लिअरवॉटर फॉरेस्ट’चाही हक्क आहे, तर टीएसएमसीच्या दोन नॅनोमीटर तंत्रासाठी मोबाइल आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिप बनवणाऱ्या बड्या कंपन्यांची रांग लागली आहे. एएमडीने याच तंत्रावरचे आपले पहिले उत्पादन म्हणून ‘व्हेनिस’ या सर्व्हर प्रोसेसरचे नाव जाहीर केले, डेस्कटॉपच्या रायझनचे नाही. रायझन आणि एएमडीचे सर्व्हर प्रोसेसर ‘एपिक’ यांत आजवर कोअरची चिप एकच वापरली जात आली आहे. म्हणजे कमी विजेत उत्तम चालणाऱ्या चिपला सर्व्हरचे गिऱ्हाईक आधीच तयार असते आणि ते डेस्कटॉपच्या गिऱ्हाइकापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजते. मग आमच्या वाट्याला येणाऱ्या चिपमध्ये लपलेला वेग शिल्लक राहील, असे कशाच्या आधारावर म्हणायचे?

शिवाय उरलेला वेग कंपन्या आता स्वतःच काढून घेतात. कोअर आय९-१४९००केएस खोक्यातून काढल्याबरोबर ६.२ गीगाहर्ट्झ गाठतो. इतके ताणण्याची किंमत काय असते, तेही इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीने दाखवले. वाढलेल्या व्होल्टेजमुळे चांगले महागडे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, २०२४च्या ऑगस्टपासून कंपनीला मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट काढावे लागले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. ज्यांनी हातही लावला नव्हता त्यांचे प्रोसेसर असे वागत असतील, तर हौसेने व्होल्टेज वाढवणाऱ्याला काय सांगावे? एएमडीने ९८००एक्स३डीमध्ये कॅशची (वेगवान साठवणीची) चिप कोअरच्या वरून काढून खाली बसवली, त्यामुळे उष्णता बाहेर पडणे सोपे झाले आणि ५८००एक्स३डीला नसलेली ओव्हरक्लॉकिंगची मुभा मिळाली, हे खरे. पण ‘पीबीओ’ या एएमडीच्याच वेगवाढीच्या सोयीमधून वेगाची मर्यादा जास्तीत जास्त २०० मेगाहर्ट्झने वाढवता येते आणि ५.२ गीगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर ती वाढ चार टक्केही भरत नाही.

विदर्भातल्या वाचकासाठी आणखी एक गोष्ट आहे, जी परदेशी चाचण्यांवर आधारलेल्या लेखांत कधीच येत नाही. त्या चाचण्या बहुधा वीस-बावीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत होतात. कूलर खोलीतल्या हवेपेक्षा प्रोसेसर थंड करू शकत नाही. खोली वीस अंशांनी तापली की तितक्याच भाराखाली प्रोसेसरही जवळपास तितकाच जास्त तापतो. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरला पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि डीटीपीची किंवा व्हिडिओ एडिटिंगची बहुतेक दुकाने डेझर्ट कूलरवर चालतात. ९८००एक्स३डी ९५ अंशांना स्वतःहून वेग उतरवतो. डिसेंबरात स्थिर वाटलेले ओव्हरक्लॉक उन्हाळ्यात बंद पडते, हे आमच्या धंद्यात दरवर्षीचे आहे.

मग नव्या प्रोसेसरासाठी थांबावे का? ज्याच्याकडे आधीच एएमडीच्या एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेचा) मदरबोर्ड आहे त्याने खुशाल थांबावे, कारण एएमडीने हे सॉकेट किमान २०२७पर्यंत चालवण्याचे जाहीर केले आहे. इंटेलकडे जाऊ इच्छिणाऱ्याने मात्र नवा बोर्डही घ्यावा लागेल असे धरूनच हिशेब करावा. किमतीबाबत पूर्वानुभव दोन्ही प्रकारचा आहे. ९८००एक्स३डी नोव्हेंबर २०२४मध्ये ४७९ डॉलरला बाजारात आला. तेव्हाच्या दराने आणि १८ टक्के जीएसटी धरून त्याचे सुमारे साडेसत्तेचाळीस हजार रुपये होत होते, पण माल येताच संपत असल्याने जाहीर किंमत पुष्कळ दिवस कागदावरच राहिली. याउलट सप्टेंबर २०२२मध्ये आलेल्या रायझन ७०००च्या किमती नोव्हेंबरमध्येच खाली आल्या, कारण नवे बोर्ड आणि डीडीआर५ रॅम महाग असल्याने लोक खरेदीलाच वळत नव्हते. या वेळीही रॅम कडाडली आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशियल या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करण्याचे जाहीर केले. रॅमपायी गिऱ्हाईक मागे सरले, तर प्रोसेसर काही काळ दुकानात पडून राहतील आणि स्वस्तही होतील, ही शक्यता मी नाकारत नाही. पण ज्याचे काम आज अडले आहे त्याने तिच्या भरवशावर वर्षभर थांबू नये आणि ओव्हरक्लॉकिंगच्या आशेने तर मुळीच थांबू नये.

हौस असणाऱ्यांना उद्योग उरला नाही, असे नाही. व्होल्टेज थोडे कमी करून तोच वेग टिकवणे, विजेची मर्यादा उतरवून पंख्याचा आवाज आणि उष्णता घटवणे, रॅम तिच्या नोंदलेल्या वेगावर चालवणे, यातून हाती लागते ते आमच्या हवामानात जास्त कामाचे आहे. वॉरंटीपुरते बोलायचे, तर एप्रिल २०२५मध्ये इंटेलने कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी ‘२००एस बूस्ट’ ही वेगवाढीची सोय वॉरंटी कायम ठेवून दिली. नोव्हा लेकला तशी सोय मिळते का, हे मला सहा गीगाहर्ट्झच्या पुढच्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते.

आपल्या पुरवणीला विनंती एवढीच की नवे प्रोसेसर आल्यावर पहिल्या दिवसाच्या डॉलरमधल्या किमतीबरोबर महिन्याभरानंतरची मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची आणि नागपूर, कोल्हापूर, नांदेडसारख्या शहरांतली रुपयांतली किंमतही छापावी, बॉक्समधला माल मिळतो आहे की नुसता ट्रेमधला, म्हणजे खोक्याविना सुटा, हे सांगावे आणि वेगाच्या प्रत्येक चाचणीखाली खोलीचे तापमान द्यावे.

आपला,
एक वाचक, नागपूर