रविवारच्या खेळाआधी आपली आवड कळवा

सभासदहो,

येत्या रविवारी दुपारी ३ ते ७, दादर पश्चिमेच्या आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये प्रत्येकाला आवडीचा बोर्ड गेम शोधून द्यायचा आहे. मेगाब्लॉक बघून निघा. ३.१५ ला टेबलं ठरतील, नंतर मध्येच कुणाला घेता येणार नाही.

शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर लिहा:

• आवडलेले २ खेळ, न आवडलेला १, आणि कारण. कारणच सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं ‘कतान आवडला नाही’ एवढ्यावरून काही सुचवता येत नाही. त्यातल्या फाशांचा वैताग येत असेल तर अझुल हा खेळ. त्यात फासेच नाहीत. मालाच्या अदलाबदलीतली घासाघीस नको असेल तर तिकीट टू राइड. एकमेकांवर कुरघोडीच नको असेल तर पँडेमिक, तिथे सगळे मिळून जिंकतात किंवा हरतात.

• किती जण येणार. कतानचा मूळ संच ३-४ जणांचा आहे. दोघंच असाल तर कार्कासोन.

पँडेमिकच्या टेबलावर जुन्यांनी इतरांच्या चाली ठरवू नयेत, ही कळकळीची विनंती. नवा माणूस नुसती सोंगटी हलवत बसतो आणि खेळच कंटाळवाणा समजून घरी जातो.

स्वतःचे संच मोजून आणा (कार्कासोनच्या मूळ फरशा ७२). वडापाव हॉलबाहेरच खा. तेलाचा डाग पडलेला पत्ता पाठीवरून ओळखू येतो.