मांडव्याच्या धक्क्यावरून

थळ, ता. अलिबाग

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

काल पुतण्याला सोडायला मांडव्याला गेलो होतो. आठवड्यातले तीन दिवस तो मुंबईला ऑफिसात जातो आणि रात्री घरी माशाच्या कालवणाला हजर! आपण नोकरी लागली तेव्हा वळकटी बांधून निघालो, ते थेट गणपतीलाच परतलो. तेव्हा नोकरी म्हणजे गाव सुटणं.

बाबांची पिढी रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरायची आणि पुढे ट्राम. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम सुटली, तेव्हा बाबा नुसती बघायला गेले होते. आपल्या वाट्याला आली डोंबिवली. जागा मिळावी म्हणून आपण उलटं कल्याणला जायचो आणि तिथून बसून यायचो! घरचे म्हणायचे, कामाला जाताय की फिरायला? तू दारात लटकायचास आणि मी तुझा डबा सांभाळायचो. २०१७ च्या डिसेंबरात पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल आली, तिची दारं आपोआप बंद होतात. तुझी सगळी विद्याच वाया!

इथे खरा फरक पडला तो २०२० च्या मार्चमध्ये, रो-रो सुरू झाली तेव्हा. मोटारसायकलसकट बोटीत चढायचं नि तासाभरात भाऊच्या धक्क्यावर. मग २०२४ च्या जानेवारीत शिवडी–न्हावाशेवा अटल सेतू झाला, जवळजवळ २२ किलोमीटर. पण दुचाकीला तिथे मनाई, म्हणून पुतण्याला त्याचं कौतुक शून्य. तो एरवी गेटवेच्या लाँचने जातो, पण पावसाळ्यात त्या बंद. मग रो-रो, आणि समुद्र फारच खवळला तर पेण-वडखळचा रस्ता नि त्यावरचे खड्डे. त्या दिवशी त्याचं तोंड बघण्यासारखं असतं.

मला गंमत वाटली ती वेगळीच. लाँचवरही याचे ठरलेले चार सोबती आहेत, आणि जो आधी पोचतो तो रुमाल टाकून बाकीच्यांच्या जागा अडवतो. हे याला कोणी शिकवलं? मी तर नाही.

गुडघे दुखतात म्हणालास, तर रो-रोने गाडीसकटच ये. फक्त शनिवार टाळ. त्या दिवशी पर्यटकांची झुंबड असते, आणि उलटं जाऊन जागा पकडणं आता आपल्याला जमायचं नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना