आठशेला स्पेसर लावण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मारुती ८०० ला स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवायला त्याच्यामागं बसवायची चकती, लावायचा तुझा बेत फोटोंसकट पोचला. चाकं फेंडरच्या बरोबरीनं आली की गाडी रुबाबदार दिसते हे खरंच, म्हणून सरसकट नाही म्हणत नाही. पण ‘गाडी जेमतेम साडेसहाशे किलोची, तिला काय होतंय’ हे तुझं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. गाडी हलकी म्हणून तिचे स्टड (चाकाचे नट ज्यांवर बसतात ते आट्यांचे दांडे) आणि बेअरिंगही त्याच बेतानं लहान ठेवलेले असतात.

गाडीचं ओझं स्टड आडवे पेलत नाहीत. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, त्या ताणानं चाक हबवर, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, दाबलं जातं, आणि खरं काम त्या दाबामुळं होणारं घर्षण करतं. मधे स्पेसर आला की एका सांध्याचे दोन होतात. त्यातलं एखादं तोंड गंजलेलं, तिरकं किंवा रंगवलेलं असलं की दाब सैल पडतो, चाक हलायला लागतं आणि स्टड वाकून वाकून तुटतो.

आमच्या शिरोलीत लेथवर असा स्पेसर कुणीही काढून देईल. दोन्ही तोंडं समांतर आहेत का आणि मधलं भोक हबच्या उंचवट्यावर नेमकं बसतं का, हे तपासतो कोण? दिवसभर तपासणीच्या टेबलावर माझं हेच काम असतं, म्हणून सांगते. लांबट भोकांच्या, सगळ्या गाड्यांना चालणाऱ्या चकत्या तर घेऊच नकोस.

आता आटे. स्पेसर आणि चाक चढव, नट बोटांनी फिरव. पहिला आटा पकडला तिथून चाकाला टेकेपर्यंतचे फेरे मोज. १२ मिमीचा स्टड असेल तर नट निदान १२ मिमी आत जायला हवा, म्हणजे १.२५ पिचला (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी) साडेनऊहून किंचित जास्त फेरे. पाच-सहातच टेकला तर लांब स्टड टाक, नाहीतर स्पेसरचा नाद सोड. जाड स्पेसरला स्वतःचे स्टड असतात, पण गाडीचे मूळ स्टड त्याच्या तोंडाबाहेर डोकावत असतील तर चाक टेकणारच नाही.

पुढच्या चाकांना मुळीच लावू नकोस. चाक बाहेर सरकलं की बेअरिंगवरचा पीळ वाढतो. शिवाय ब्रेक दाबलेला असताना एक चाक खड्ड्यात गेलं तर गाडी तिकडं जास्त ओढते. तुझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, तो हिसका थेट मनगटात येईल, आणि आंबा घाटात पावसात ते नको. मागं ५ मिमी, बस्स. योग्य ऑफसेटची, म्हणजे मुळातच चाक हवं तितकं बाहेर ठेवणारी, रिम मिळाली तर त्याहून बरं, निदान जादा सांधा तरी टळेल.

नट कोरडे ठेव, तेल-ग्रीस नको. समोरासमोरचे आळीपाळीनं, मॅन्युअलमधल्या टॉर्कनं, म्हणजे तिथं दिलेल्या नेमक्या जोरानं, आवळ. टायरवाल्याच्या गनवर सोडू नकोस. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपास.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चाही विचार कर. मूळ तपशिलाशी न जुळणारा फेरफार त्यात चालत नाही, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलंय. आरटीओला आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारून घे.

पैसे देण्याआधी स्पेसर घेऊन घरी ये. व्हर्नियर आणि टॉर्क पाना आहे माझ्याकडं, दोघं मिळून मोजू.

तुझी,
आई