स्टडबुक सांभाळणारेही हवेत

महोदय,

वन्यजीव संवर्धनात करिअर म्हटलं की तरुणांच्या डोळ्यांसमोर जीप, दुर्बीण आणि जंगल येतं. प्राणिसंग्रहालयातल्या प्रजनन नियोजनाकडे फारसं कुणी वळत नाही. तिथलं बरंचसं काम टेबलावरचं. कुठल्या मादीची आई कोण, भावंडं कुठल्या संग्रहालयात, जोडी कुणाशी लावायची. सोयरीक जुळवण्यासारखंच, फक्त पत्रिकेऐवजी स्टडबुक, म्हणजे जनावरांच्या वंशावळीची नोंदवही पाहतात आणि नातं जितकं लांबचं तितकं बरं! कानातल्या बिल्ल्याचा एक आकडा चुकीचा उतरवला, तर सख्खी भावंडं एकाच कुंपणात येतात.

युरोपीय बायसन रानातून १९२७पर्यंत संपले होते. आजचे सगळे बायसन बंदिवासातल्या अवघ्या १२ जनावरांचे वंशज. त्यांचं स्टडबुक १९३२ साली निघालं, म्हणून हा वंश नीट सांभाळता आला.

नवख्यांनी जीवशास्त्राच्या जोडीला संख्याशास्त्र शिकावं आणि सुरुवातीला पिंजरे धुवायला लाजू नये. मात्र संग्रहालयांनीही बिनपगारी उमेदवारी लांबवत नेऊ नये. वर्षभर फुकट राबणं ज्यांच्या घरच्यांना परवडतं, तेवढेच मग या क्षेत्रात टिकतात.

– एक वाचक