सल्ला मोफत, मग पैसे कोण देतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की इंदूरच्या आपल्या भंवरकुआ भागात ‘मोफत प्रवेश मार्गदर्शन’चे फलक लागतात. आमच्या शेजारच्या मुलीला देवी अहिल्या विद्यापीठाच्या तक्षशिला परिसरात शिकायचं होतं, त्यासाठी तिने सीयूईटी ही देशपातळीवरची सामायिक प्रवेश परीक्षा दिली होती. अशाच एका मार्गदर्शकाने “सीटा संपतील” म्हणून घाबरवलं आणि जूनमध्येच एका खासगी संस्थेत पंचवीस हजार भरायला लावले. मूळ गुणपत्रिका आणि टीसीही जमा करून घेतली. पुढे विद्यापीठाच्या यादीत तिचं नाव आलं. कागद परत मिळवायला आईने तीन चकरा मारल्या. दर वेळी उत्तर एकच, साहेब नाहीत. मुदत टळली. मूळ कागद अडवून ठेवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१८ सालीच मनाई केली आहे, हे त्या माउलीला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी वर्षानुवर्षं कॉलेजात शिकवलं. तेव्हा प्रवेश म्हणजे नोटीस बोर्डावरची यादी आणि खिडकीपुढची रांग. आमच्या प्राध्यापक संघटना वेतन आणि पेन्शनसाठी लढल्या, ते योग्यच होतं. पण ऑनलाइन ई-प्रवेश आला, सीएलसीच्या म्हणजे कॉलेज पातळीवरच्या प्रवेशफेऱ्या आल्या, सीयूईटी आली. पालक गोंधळले आणि त्या गोंधळात आम्ही नव्हतो, एजंट होते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना विद्यार्थी आणणाऱ्यांना प्रवेशामागे कमिशन देण्यास अमेरिकेत १९९२ पासून कायद्याने बंदी आहे. सूट आहे ती परदेशी विद्यार्थ्यांपुरती, म्हणजे आपल्या मुलांवर कमिशन चालतं. तिथल्या प्रवेश समुपदेशकांच्या ‘नॅकॅक’ या १९३७ सालच्या संघटनेने २०१३ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांवरचं हे कमिशन मान्य केलं, पण पारदर्शकतेची अट घालून. २०१९ मध्ये सरकारच्या दबावाने तिला आचारसंहितेतली काही कलमं काढावी लागली. दुसऱ्या कॉलेजात नक्की झालेला विद्यार्थी ओढू नये, हे त्यातलंच एक. संघटनेला कॉलेजांना बांधता येत नसेल, पण सल्ला देणाऱ्या आपल्या सदस्यांना तरी बांधता येतंच ना?

इंदूरच्या प्राचार्य, प्राध्यापक आणि समुपदेशक संघटनांनी एवढा एकच नियम करावा: सल्ला देणाऱ्याने आपल्याला पैसे कोण देतं, ते पहिल्याच भेटीत लेखी सांगायचं. आणि मे-जूनमध्ये एक टेबल मांडावं. मी आणि माझ्या दोन निवृत्त मैत्रिणी रोज सकाळी तिथे बसायला तयार आहोत.

— एक निवृत्त प्राध्यापिका, रामबाग, इंदूर