फॉस्फरसची गोळी ताटासोबतच हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डायलिसिसची केंद्रे वाढली, तालुक्याच्या ठिकाणी यंत्रे आली, अशा बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला. आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसते. ज्या घरांना हा उपचार एरवी झेपलाच नसता, त्या घरांतली माणसे आज आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रावर जातात. चांगलेच झाले. पण या रुग्णांना यंत्राइतकीच गरज असलेल्या एका गोळीबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. मिरजेत माझे औषधांचे दुकान आहे, ती गोळी रोज माझ्या हातून जाते, म्हणून हे पत्र.

किडनी निकामी झाली की अन्नातला फॉस्फरस लघवीवाटे पुरेसा जात नाही, रक्तात साठतो. निरोगी माणसाच्या रक्तात तो डेसिलिटरला साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असतो. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये ढोबळमानाने ८०० ते १००० मिलिग्रॅम फॉस्फरस निघतो, आणि पथ्याने जेवणारा माणूसही जवळपास तेवढा एका दिवसात खातो. खाल्लेला सगळा अंगी लागत नाही हे खरे, तरी आठवड्याची बेरीज काही जुळत नाही. बरे, वाढलेला फॉस्फरस सुरुवातीला काहीच त्रास देत नाही. पुढे खाज सुटते, हाडे दुखतात, कॅल्शियमवर ताबा ठेवणारी गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी चेकाळते, हाडांतले कॅल्शियम ओढले जाते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती चुन्यासारख्या कडक होऊ लागतात.

म्हणून डॉक्टर ‘बाइंडर’ लिहून देतात. आमच्या गिऱ्हाइकांच्या भाषेत ‘फॉस्फरसची गोळी’. तिचे काम चालते आतड्यात. घासातला फॉस्फरस तिथे असतानाच ती त्याला धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. पोटात अन्नच नसेल तर ती धरणार काय? आणि जेवून दोन तास उलटल्यावर घेतली, तर बराचसा फॉस्फरस तोवर रक्तात पोचलेलाही असतो.

एवढी साधी गोष्ट, पण ती चिठ्ठीवर उतरत नाही. चिठ्ठीवर असते १-१-१. आम्ही दुकानदार स्ट्रिपवर बॉलपेनने तेच उतरवतो, फार तर ‘जे. नंतर’ लिहितो. घरी सून सासऱ्यांच्या सगळ्या गोळ्या एका वाटीत काढून ठेवते आणि रक्तदाबाच्या गोळीबरोबर हीही सकाळी चहावर जाते. रुग्णालयात दाखल झाले तरी तेच. सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन येतात नऊला आणि जेवणाचे ताट येते साडेबाराला. सकाळच्या पाळीचे डायलिसिसवाले तर डबा घेऊन जातात, उपमा-इडली तिथेच खातात आणि गोळी राहते घरी कपाटात. खरे तर डब्याच्या पिशवीतच चार गोळ्या कायम असाव्यात.

या बाइंडरांत सर्वांत जास्त गोंधळ कॅल्शियम अ‍ॅसिटेटचा. नावात कॅल्शियम आहे, म्हणजे हाडांची गोळी, असा समज. मग ती झोपताना घेतली जाते. रिकाम्या पोटी तिच्यातले कॅल्शियमच जास्त शोषले जाते. फॉस्फरस जिथल्या तिथे आणि रक्तातले कॅल्शियम मात्र वर. त्यात गुडघेदुखीसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी आणखी एक कॅल्शियम लिहिलेले असते, शिवाय किडनीच्या डॉक्टरांचे कॅल्सिट्रिऑल, म्हणजे कॅल्शियम शोषायला लावणारे ड जीवनसत्त्व, चालू असते. तिन्ही चिठ्ठ्या एकाच माणसाच्या, पण त्या एका टेबलावर कधी येतच नाहीत. दुकानात आल्या तर आम्हाला दिसतात, पण लोक दोन औषधे इथून आणि दोन तिथून घेतात.

दुसरा गोंधळ गिळायची की चावायची याचा. सेव्हेलामर हाही एक बाइंडर, त्याची गोळी अख्खी गिळायची. पाण्यात ती फुगते, म्हणून कुटून, तोडून, चघळून घ्यायची नाही. आकाराने मोठी असते हे कबूल, आणि वयस्कर माणसाला गिळवत नाही म्हणून घरचे मायेने तिची पूड करतात. गिळायला त्रास असेल तर तसे डॉक्टरांना सांगावे, तिची पाण्यात कालवून घ्यायची पावडरही निघते. लँथॅनम कार्बोनेट या बाइंडरच्या गोळीचे नेमके उलट. ती नीट चावून बारीक करूनच घ्यायची, अख्खी गिळली तर आतड्यात अडकण्याची भीती. तीच गोष्ट लोहयुक्त बाइंडरच्या चावायच्या गोळीची, तिने शौच काळी होते, त्याने घाबरू नये. बद्धकोष्ठ मात्र यांतल्या कोणत्याही गोळीने झाला तर अंगावर काढू नये. पोट फुगले, दुखू लागले, उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी दाखवावे.

आता उपवासाचे. श्रावण, संकष्टी, एकादशी, नवरात्र. ‘आज जेवण नाही, म्हणून गोळी नाही,’ असे मावशी सांगतात आणि दुपारी दाण्याच्या आमटीबरोबर वरीचा भात, संध्याकाळी राजगिऱ्याची खीर. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात जवळपास पावणेचारशे मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, राजगिऱ्यात त्याहून जास्त, आणि खिरीत दूध आहेच. म्हणजे उपवासाचे ताट एरवीच्या भाजी-भातापेक्षा भारी, आणि नेमकी त्याच दिवशी गोळीला सुट्टी! (बटाटा-रताळ्यातल्या पोटॅशियमचा विषय वेगळाच, त्यावर दुसरे पत्र होईल.) खरोखर काहीच खाल्ले नाही तर गोळी घेऊ नये, हेही तितकेच खरे. चुकलेली गोळी नंतर नुसत्या पाण्याबरोबर घेऊन भरपाई होत नाही. रविवारी मटण असेल तर त्या जेवणाला जास्त आणि पेजेला कमी, असा हिशोब डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ बसवून देऊ शकतात. विचारावे लागते, एवढेच.

धान्य-डाळींतला फॉस्फरस निम्म्याच्या आसपासच शोषला जातो, पण पाकिटातल्या पदार्थांत टिकाऊपणासाठी घातलेला बहुतेक सगळा. काळ्या कोलावर बारीक अक्षरांत ३३८ हा आकडा असतो, ते फॉस्फोरिक आम्ल. प्रक्रिया केलेल्या चीजवर ३३९ किंवा ४५२ सापडेल. घरची डाळ बंद करून हे चालू ठेवणारे रुग्ण मी पाहतो.

या गोळ्या इतर औषधांनाही धरून ठेवतात, आणि ही बाब मला सर्वांत काळजीची वाटते. थायरॉइडची गोळी यांच्यासोबत घेतली तर तिचा उपयोग घटतो, दोन्हींत निदान चार तासांचे अंतर हवे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे जंतुसंसर्गावरचे औषध सेव्हेलामरबरोबर घेतले तर जवळपास निम्मेच अंगी लागते. आमच्याकडे कृष्णेचा पूर ओसरला की लेप्टोस्पायरोसिस या पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या भीतीने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात. कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या बाइंडरबरोबर तिचाही असर कमी होतो. शिबिरात गोळी देणाऱ्याला समोरचा माणूस डायलिसिसवर आहे हे कुठून कळणार? ते आपणच सांगायला हवे.

अ‍ॅसिडिटीची पातळ औषधे तर कुणीही चिठ्ठीशिवाय मागतो. त्यांत बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असते. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड एकेकाळी फॉस्फरसवरचेच औषध होते. ते शरीरात साठून मेंदूचे आणि हाडांचे विकार होतात हे १९७० च्या दशकात डायलिसिसच्या रुग्णांत दिसून आले आणि ते मागे पडले. तीच बाटली हा रुग्ण आज स्वतःहून विकत नेतो.

पैशाचा प्रश्न आहेच. सेव्हेलामर कॅल्शियमपेक्षा महाग, म्हणून लोक तीनच्या जागी एकच घेतात आणि डॉक्टरांना ‘घेतो की’ म्हणतात. मग रिपोर्टमध्ये फॉस्फरस वाढलेला दिसतो आणि डॉक्टर मात्रा वाढवतात. परवडत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, औषध बदलता येते, जनऔषधी केंद्रात चौकशी करता येते. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची गोळी मात्र मागून घेऊ नये. किडनीच्या प्रत्येक रुग्णाला बाइंडर लागतोच असे नाही, आणि कॅल्शियम कुणाचे वाढलेले असते, कुणाचे कमी.

माझी मागणी मोठी नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर या एका गोळीपुढे मराठीत ‘जेवताना, घासाबरोबर’ एवढे लिहावे आणि गिळायची की चावायची तेही. दुकानदारांनी तेच स्ट्रिपवर उतरवावे, मी माझ्या दुकानात लिहितो. योजनेतल्या डायलिसिस केंद्रांनी खाटेजवळ मराठीतला एक तक्ता लावावा, त्यात उपवासाचे पदार्थही घालावेत. आणि रुग्णालयांनी ही गोळी औषधांच्या ट्रॉलीवरून काढून जेवणाच्या ट्रॉलीवर ठेवावी.

आपला,
एक औषधविक्रेता, मिरज